आठ जणांची निवड



मैदानावर कबड्डीचा संघ निवडला जात असताना तुम्ही कधी ना कधी पाहिले असेल. खेळण्याची इच्छा असणारे वीस-पंचवीस जण असतात आणि मैदानात उतरणारे सातच. यादी वाचून दाखवली जाते. काहींचे चेहरे उजळतात, काहींचे उतरतात. ज्याचे नाव यादीत नसते, त्याच्या मनात एकच विचार येतो : ‘मी कमी पडलो.’ पण निवड म्हणजे चांगले आणि वाईट असे दोन ढीग करणे असते का? की निवडीमागे आणखी काही विचार असतो? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण रग्बी या खेळाचे उदाहरण घेऊ.

खेळाची ओळख

रग्बी हा लंबगोल चेंडूने खेळला जाणारा खेळ आहे. त्याला इंग्लंडमधील रग्बी या गावातील शाळेचे नाव मिळाले. पूर्ण स्वरूपाच्या सामन्यात प्रत्येक संघात पंधरा खेळाडू असतात आणि सामना ऐंशी मिनिटे चालतो. चेंडू हातात घेऊन धावता येते. मात्र हाताने तो सहकाऱ्याकडे फेकायचा असेल, तर बाजूला किंवा मागेच फेकावा लागतो. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की पाच गुण मिळतात. याला ‘ट्राय’ म्हणतात.

भारतात हा खेळ इंग्रजांबरोबर आला. कोलकात्यात १८७२ च्या नाताळात रग्बीचा सामना झाल्याची नोंद आहे. मुंबईत १८७५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याने पुढे हा खेळ दीर्घकाळ जोपासला. भारताच्या पुरुष संघाने पहिला आंतरराष्ट्रीय सामना १९९८ मध्ये खेळला. महिलांचा पंधरा जणींचा संघ २०१८ मध्ये प्रथम आंतरराष्ट्रीय मैदानात उतरला आणि पुढच्याच वर्षी मनिला येथे सिंगापूरवर २१-१९ असा विजय मिळवून त्याने आपले खाते उघडले. त्या संघाचे नेतृत्व पुण्याच्या वाहबिझ भरुचा यांच्याकडे होते.

आठ जागा, आठ कामे

पंधरा खेळाडूंपैकी १ ते ८ क्रमांकाच्या खेळाडूंना ‘फॉरवर्ड’ म्हणतात. चेंडू मिळवणे आणि तो आपल्याकडे राखणे हे त्यांचे मुख्य काम होय. उरलेले सात ‘बॅक’ त्या चेंडूचा उपयोग करून वेगाने चढाई करतात. म्हणून जाणकार म्हणतात, सामना कोणी जिंकायचा हे फॉरवर्ड ठरवतात आणि किती गुणांनी जिंकायचा हे बॅक ठरवतात.

फॉरवर्डचे काम सर्वांत स्पष्टपणे दिसते ते ‘स्क्रम’मध्ये. चेंडू हातून पुढे निसटण्यासारखी किरकोळ चूक झाली की खेळ स्क्रमने पुन्हा सुरू होतो. दोन्ही संघांचे आठ-आठ खेळाडू तीन ओळींत एकमेकांना घट्ट धरून वाकतात, समोरच्यांच्या खांद्याला खांदा भिडवतात आणि मधोमध टाकलेल्या चेंडूसाठी जोर लावतात. रस्सीखेचीत आपण ओढतो, येथे ढकलायचे असते, एवढाच फरक. आंतरराष्ट्रीय संघातील आठ फॉरवर्डचे एकत्रित वजन आठशे किलोंच्या पुढे असते. यावरून या भिडण्यातील जोराची कल्पना येईल.

पहिल्या ओळीत तिघे असतात. १ आणि ३ क्रमांकाच्या खेळाडूंना ‘प्रॉप’ म्हणतात. प्रॉप म्हणजे टेकू. छपराला जसा टेकू, तसे हे दोघे स्क्रमला आधार देतात. त्यांतही ३ क्रमांकाच्या खेळाडूचे डोके समोरच्या दोघांच्या मध्ये अडकलेले असते आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवर भार येतो. म्हणून ही जागा सर्वांत अवघड मानली जाते. या दोघांच्या मधला २ क्रमांकाचा खेळाडू म्हणजे ‘हूकर’. हूक म्हणजे आकडा. पायाचा आकडा करून तो चेंडू मागे ओढतो. त्याच्याकडे आणखी एक जबाबदारी असते. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की ‘लाइनआउट’ होतो. दोन्ही संघांचे खेळाडू शेजारी-शेजारी रांगा करून उभे राहतात आणि त्यांच्या मधून चेंडू आत फेकला जातो. हे अचूक फेकणे बहुधा हूकरच करतो.

दुसऱ्या ओळीत ४ आणि ५ क्रमांकाचे ‘लॉक’ असतात. ते सहसा संघातील सर्वांत उंच खेळाडू असतात. स्क्रममध्ये ते मागून रेटा देतात आणि लाइनआउटमध्ये उंच उडी घेऊन चेंडू पकडतात. त्यांना वर उचलून धरण्याचे काम मुख्यत्वे प्रॉप करतात. दहीहंडीच्या मनोऱ्यात तळाचा गोविंदा रुंद खांद्यांचा आणि वरचा हलका, चपळ लागतो; त्यांची अदलाबदल केली तर मनोरा उभाच राहणार नाही. येथेही तसेच आहे.

तिसऱ्या ओळीत ६ आणि ७ क्रमांकाचे ‘फ्लँकर’ आणि ८ क्रमांकाचा खेळाडू असतो. हे तिघे स्क्रममधून सर्वांत आधी सुटतात, धावत जाऊन प्रतिस्पर्ध्याला रोखतात, जमिनीवर पडलेल्या चेंडूवर झडप घालतात. यांना बळाबरोबरच दम आणि झटपट निर्णय घेणारी बुद्धी लागते.

निवडीचे पर्याय

आता आपण एक काल्पनिक प्रसंग घेऊ. समजा, भिलाईच्या रुआबांधा सेक्टरमधील तरुणांनी रग्बीचा संघ उभारला आहे. येत्या हंगामासाठी आठ फॉरवर्ड निवडायचे आहेत आणि चौदा जण इच्छुक आहेत. निवड समितीत तुम्ही आहात. तुम्ही काय कराल?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे वजनकाटा आणून सर्वांत वजनदार आठ जण निवडणे. असा संघ स्क्रममध्ये काही काळ भारी पडेल. पण पडलेल्या चेंडूपर्यंत वेळेवर पोहोचणारा त्यात कोणी नसेल आणि लाइनआउटमध्ये उडी घेणाराही नसेल. म्हणजेच आठ बलवान खेळाडू एकत्र आले की आपोआप बलवान संघ होतो, असे नाही.

दुसरा प्रश्न फ्लँकरचा. दोघे इच्छुक आहेत. एक जण चेंडू हिसकावण्यात पटाईत आहे. दुसरा उंच असून लाइनआउटमध्ये चांगली उडी घेतो. यांपैकी चांगला कोण? या प्रश्नाला एकटे उत्तर नाही. संघातील दोन्ही लॉक उंच असतील, तर पहिल्याची निवड योग्य ठरेल. एक लॉक बुटका असेल, तर दुसऱ्याची गरज भासेल. म्हणजे एका खेळाडूची निवड त्याच्या शेजारी कोण उभा आहे, यावरही अवलंबून असते.

तिसरा विचार परिस्थितीचा. सामने पावसाळ्यात असतील, तर ओला चेंडू हातून वारंवार निसटतो. त्यामुळे स्क्रम अधिक होतात. अशा वेळी स्क्रममध्ये पक्का असणारा खेळाडू उपयोगी पडतो. कोरड्या, कठीण मैदानावर खेळ वेगवान होतो आणि धावणाऱ्याला महत्त्व येते. सामना सात-सात जणांचा असेल, तर सगळे गणितच बदलते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये हाच प्रकार खेळला जातो. भारतातही तोच अधिक रुळला आहे; २०२५ मध्ये मुंबईत झालेली रग्बी प्रीमियर लीग याच प्रकारची होती. त्यात फॉरवर्ड फक्त तीन असतात आणि त्यांनाही अखंड धावावे लागते. पंधरा जणांच्या संघात ज्याच्यावाचून अडेल, असा धिप्पाड प्रॉप येथे कदाचित बाहेर बसेल. त्याची योग्यता कमी झालेली नसते. काम बदललेले असते.

जेथे तडजोड चालत नाही

मात्र एक जागा अशी आहे की जेथे निवड करताना कसलीही तडजोड करता येत नाही. ती म्हणजे पहिली ओळ. स्क्रममधील सारा भार या तिघांच्या माना, खांदे आणि पाठ यांवर येतो. स्क्रम कोसळला किंवा चुकीच्या पद्धतीने भिडला, तर मानेला कायमची इजा होऊ शकते. म्हणूनच पंच आज्ञा देऊन, टप्प्याटप्प्याने वाकायला, धरायला आणि मगच भिडायला सांगतात.

पहिल्या ओळीतील तिघेही त्या जागेसाठी प्रशिक्षित असलेच पाहिजेत, असा नियम आहे. दुखापतीमुळे असा खेळाडू उरला नाही, तर पंच जोर न लावता स्क्रम घ्यायला लावतात. दोन्ही संघ नुसते जुळून उभे राहतात, ढकलत नाहीत. तेवीस जणांचा संघ असेल, तर त्यात पहिल्या ओळीत खेळू शकणारे सहा जण असावेच लागतात. एकोणीस वर्षांखालील सामन्यांत स्क्रम दीड मीटरपेक्षा अधिक ढकलता येत नाही.

आपल्या रुआबांधाच्या काल्पनिक संघात शंभर किलो वजनाचा एक तरुण आहे, पण त्याने स्क्रमचे शिक्षण घेतलेले नाही. पंच्याऐंशी किलोंचा दुसरा तरुण दोन हंगाम ते तंत्र शिकला आहे. मोह पहिल्याचा होईल. परंतु जबाबदार निवडकर्ता दुसऱ्याचेच नाव लिहील आणि पहिल्याला सांगेल, ‘तू हे तंत्र शीक, पुढे ही जागा तुझी होऊ शकते.’ येथे ‘नाही’ म्हणणे म्हणजे त्या तरुणाची मान सांभाळणे होय.

एका निवडीची गोष्ट

निवडीत धोका पत्करावा लागतो, याचे एक गाजलेले उदाहरण २०२३ च्या विश्वचषकातील आहे. स्पर्धा सुरू असताना दक्षिण आफ्रिकेचा हूकर माल्कम मार्क्स गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर पडला. त्याच्या जागी दुसरा हूकर बोलावणे स्वाभाविक होते. परंतु निवडकर्त्यांनी बोलावले ते हँड्रे पोलार्ड या उत्तम किक मारणाऱ्या बॅकला. आता संघात बोंगी म्बोनाम्बी हा एकच मुख्य हूकर उरला. अंतिम सामन्यासाठी तर त्यांनी आठ राखीव खेळाडूंपैकी सात फॉरवर्ड आणि एकच बॅक ठेवला.

न्यूझीलंडविरुद्ध पॅरिस येथे झालेल्या त्या सामन्यात पहिल्या काही मिनिटांतच म्बोनाम्बी जखमी झाला. उरलेला जवळजवळ सगळा सामना डिऑन फोरी या सदतीस वर्षांच्या खेळाडूने हूकर म्हणून खेळून काढला. तो मुख्यतः फ्लँकर होता. पण पूर्वी हूकर म्हणूनही खेळलेला असल्यामुळे ती जागा सांभाळू शकला. लाइनआउटमध्ये त्याच्या संघाला अडचणी आल्या. तरीही दक्षिण आफ्रिकेने १२-११ असा एका गुणाने विजय मिळवला आणि त्यांचे सर्व बारा गुण पोलार्डने मिळवले होते! निवडीची किंमत आणि निवडीचा लाभ असे दोन्ही एकाच सामन्यात दिसले. निकाल एका गुणाने उलटा लागला असता, तर याच निवडीवर टीकेची झोड उठली असती. याचा अर्थ, प्रत्येक निवडीत काहीतरी सोडावे लागते; आपण काय सोडत आहोत, हे निवडणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

यादीत नाव नसेल तर

भिलाईच्या पोलाद कारखान्यात १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली. या कारखान्यात रेल्वेचे रूळ तयार होतात, जाड पोलादी पत्रे तयार होतात आणि तारेसाठी लागणाऱ्या सळयाही तयार होतात. रूळ श्रेष्ठ की तार, असा प्रश्न कोणी विचारत नाही. रुळावरून गाडी धावते आणि तारेने कुंपण बांधले जाते. माणसांच्या बाबतीत मात्र आपण हे चटकन विसरतो.

यादी ही एका विशिष्ट कामासाठी, विशिष्ट दिवशी केलेली मांडणी असते. म्हणून निवडणाऱ्यावर एक कर्तव्य येते : ज्याला वगळले, त्याला कारण सांगणे. ‘तू चांगला नाहीस’ आणि ‘या सामन्याला आम्हाला उंच खेळाडू हवा आहे’ या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे. पहिले वाक्य माणसाला घरी पाठवते, दुसरे त्याला सरावाला परत आणते. ज्याला वगळले गेले, त्याचेही एक कर्तव्य आहे. ‘मला का घेतले नाही?’ याबरोबरच ‘ही जागा मिळवण्यासाठी मी काय शिकू?’ हेही त्याने विचारावे. नोकरी असो, परीक्षा असो वा खेळाचे मैदान, हा दुसरा प्रश्न विचारणाऱ्याला पुढची वाट सापडते.

विचार करा

१. सर्वांत वजनदार आठ खेळाडू निवडल्यास संघ बलवान का होत नाही?
२. शंभर किलो वजनाच्या तरुणाला पहिल्या ओळीत न घेण्याचे कारण तुमच्या शब्दांत लिहा.
३. तुमच्या परिसरातील एखाद्या सामूहिक कामात कोणकोणत्या गुणांची माणसे लागतात, याची यादी करा.