गुळवेल कोठें लावावी ?

नागपूरच्या दक्षिणेस, विमानतळ आणि खापरी यांच्या आसपास, मिहानचा विस्तार पसरला आहे. तेथील नव्या घरांच्या कुंपणाशीं किंवा एखाद्या कडुनिंबाच्या बुंध्याशीं लावण्यास गुळवेलीसारखी काटक देशी वेल क्वचितच सांपडेल. संस्कृतांत तिला ‘अमृता’ म्हणतात. ‘छिन्नरुहा’, म्हणजे तोडली तरी पुन्हां वाढणारी, हेंही तिचेंच नांव. बुडाशीं तोडलेली वेल झाडावर लोंबत राहते आणि कांहीं दिवसांनीं तिच्यापासून सुतासारखीं मुळें निघून जमिनीकडे उतरूं लागतात.

लागवडीस बी लागत नाहीं. पहिला पाऊस चांगला जिरल्यावर बोटाएवढ्या जाडीच्या जुन्या वेलीचा वीतभर तुकडा घ्यावा आणि बुडाकडील बाजू खालीं ठेवून निम्मा मातींत पुरावा. काळी माती पावसाळ्यांत पाणी धरून ठेवते व तुकडा कुजतो. म्हणून तींत मुरूम आणि शेणखत मिसळून जागा थोडी उंच करावी. काकडीच्या वेलीसारखे आधाराला धरणारे तंतू गुळवेलीस नसतात. ती विळखे घालीतच चढते. सबब आरंभीं एक दोरी बांधून द्यावी. कोंवळ्या रोपावर मात्र तिला चढूं देऊं नये. तिच्या छायेखालीं तें खुरटतें.

खरी परीक्षा उन्हाळ्यांत असते. नागपूरचा पारा ४५ अंशांकडे चढूं लागण्यापूर्वींच पानें पिवळी पडून गळतात, आणि उरलेली करडी वेल वाळलेल्या दोरखंडासारखी दिसते. मेली असें समजून पुष्कळ जण ती उपटतात. तसें करण्यापूर्वीं नखानें वरची पातळ साल खरवडून पाहावी. आंत हिरवा रंग दिसल्यास वेल जिवंत आहे. आठवड्यांतून एकदां पाणी पुरें. पाऊस येतांच ती पालवते.

परंतु संत्र्याच्या बागाइतदारास ‘अमृता’ हें नांव पटणार नाहीं. रात्रीं उडणाऱ्या एका मोठ्या पतंगाची अळी गुळवेल व वासनवेल यांच्या पानांवर पोसते. संत्र्याच्या झाडाला ती शिवतही नाहीं. पण पतंग झाल्यावर तिचा आहार बदलतो. बहुतेक पतंगांची सोंड मऊ असते. ह्याची कठीण व अणकुचीदार असते. ती तो पिकूं लागलेल्या फळांत खुपसून रस शोषतो. छिद्रांतून बुरशी शिरते, फळ सडतें आणि गळून पडतें. पावसाळा सरतांना, आंबिया बहाराचीं फळें भरूं लागलीं म्हणजे, हा उपद्रव वाढतो. म्हणूनच बागेच्या बांधावरील गुळवेल काढून टाकण्याचा सल्ला विदर्भांतील शेतकऱ्यांस देण्यांत येतो.

तेव्हां संत्र्याची बाग जवळ असल्यास ही वेल लावूं नये. वसाहतींत लावल्यास पावसाळ्यांत दर आठवड्यास पानें उलटून पाहावीं. अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेली काळसर अळी दिसली, तर ती वेंचून साबणाच्या पाण्यांत टाकावी. एवढी दक्षता ठेवल्यास अंगणांतील हिरवळीची किंमत कोण्या शेतकऱ्याला मोजावी लागणार नाहीं.