नळी निघाली, आवाज परतला का?

बारामती तालुक्यातल्या कन्हेरीचा मारुती निवडणूक आली की बातमीत येतो. पवार कुटुंबाच्या प्रचाराचा नारळ इथं फुटतो आणि पुढच्या दोन आठवड्यांत वक्त्यांचे घसे बसतात. मतदान झालं की ते आपोआप सुटतातही. त्यामुळे बसलेला आवाज आपल्याकडे कोणी फारसा मनावर घेत नाही. ऑपरेशननंतर आवाज बसला तरी हेच: ‘भूल बाधली, ज्येष्ठमध चघळ, होईल बरं.’ बहुतेकदा होतंही. होत नाही तेव्हा वाट पाहण्यात गेलेले दिवस महागात पडतात.

पूर्ण भूल देताना बहुधा स्नायू सैल करणारी औषधंही देतात. मग रुग्णाचा श्वास यंत्रानं चालवावा लागतो. त्यासाठी भूलतज्ज्ञ तोंडातून, दोन स्वरतंतूंच्या मधून, श्वासनळीत नळी सरकवतात. १८५४ साली आरशाच्या मदतीनं स्वतःचे हलते स्वरतंतू पाहणारा मॅन्युएल गार्सिया डॉक्टर नव्हता, गाणं शिकवणारा होता. त्याच वाटेनं १८७८ मध्ये ग्लासगोच्या विल्यम मॅकेवेन यांनी भुलेसाठी नळी घातली.

नळीच्या टोकाशी छोटा फुगा असतो. तो फुगवला की हवा बाजूनं निसटत नाही आणि पोटातलं उलटून फुप्फुसात उतरत नाही. खरी मेख या फुग्यात आहे. त्यातला दाब साधारण २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका हवा; त्याहून वाढला तर श्वासनळीच्या अस्तराचं रक्त अडतं. बोटांनी चाचपून हा दाब नेमका कळत नाही, त्याला दाबमापक लागतो. थिएटरमधल्या बाकीच्या यंत्रांपुढे त्याची किंमत किरकोळ, म्हणून तो प्रत्येक टेबलाशी असायलाच हवा.

नळीनंतर घसा दुखणं अगदी नेहमीचं. ते दोन-चार दिवसांत जातं. काहींच्या स्वरतंतूंवर सूज येते किंवा रक्त साकळतं. कधी नळी घासलेल्या जागी गाठ धरते, आणि ही गाठ लबाड: आवाज आधी सुधारतो, मग काही आठवड्यांनी पुन्हा घोगरा होतो. क्वचित स्वरतंतू हलवणारी इवलीशी कूर्चा जागेवरून सरकते किंवा फुग्याच्या दाबानं नस दुखावते. मग आवाजात नुसती हवा येते, पाणी पिताना ठसका लागतो. सरकलेली कूर्चा लवकर सापडली तर जागेवर बसवणं सोपं जातं. उशीर झाला की सांधा आखडतो. कोविडमध्ये बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहिलेल्या काहींची श्वासनळीच आकसली. तासा-दोन तासांच्या ऑपरेशनमध्ये ती भीती फारच कमी.

तुकोबांची पालखी बारामतीवरून इंदापूरकडे जाते, त्या वाटेवरच्या गावांत कीर्तनकार, भजनी, शिक्षक यांची पोटं आवाजावर चालतात. अशा माणसानं ऑपरेशनआधीच भूलतज्ज्ञांना आपलं काम सांगावं. ‘डॉक्टरसाहेब, कमी मापाची नळी चालेल का? कमरेत भूल देऊन भागेल का?’ असं विचारण्यात कसला आगाऊपणा? प्रत्येक वेळी ते जमेलच असं नाही. जीव आधी, आवाज नंतर, हे भूलतज्ज्ञांनी ठरवायचं.

नंतर पाणी भरपूर प्यावं, ओरडू नये आणि कुजबुजूही नये. जोर लावून कुजबुजल्यानं घशाला उलट ताण पडतो. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला, धाप लागली, मान फुगली किंवा गिळताना तीव्र दुखून ताप आला, तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा. पाणी पिताना ठसका लागत असेल, आवाज जवळजवळ उमटतच नसेल तर दोन-तीन दिवसांतच दाखवावं. नुसता घोगरेपणा दोन आठवड्यांनंतरही राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं. त्यासाठी पुणंच गाठावं लागतं असं नाही, बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरतंतू पाहायला काही मिनिटं लागतात. जाताना डिस्चार्ज कार्डासोबत भुलेच्या नोंदीची प्रत मागून न्यावी: नळी किती मापाची होती, कितव्या प्रयत्नात बसली आणि किती वेळ घशात राहिली, हे तिथंच लिहिलेलं असतं.