छाटणीच्या हत्यारांसाठी घरच्या घरी चामडी म्यान

द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची फळछाटणी, सिकेटर दिवसभर हातात असते. मध्येच काडी बांधायची किंवा तार ओढायची झाली, की ते विजारीच्या खिशात जाते. खिट्टी सैल असेल तर पाते खिशातच उघडते आणि मांडीला जखम होते. कलमाचा चाकू कागदात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवणारेही अनेक आहेत. कोकणात कमरेला आकडी बांधून तीत कोयता अडकवण्याची जुनी रीत आहे. चढउताराच्या कामात हत्याराला अंगावर ठरलेली जागा हवी, हे त्या मंडळींनी फार पूर्वी ओळखले होते. सिकेटर व चाकूसाठी अशी जागा म्हणजे चामड्याचे म्यान. फावल्या वेळेत दोन संध्याकाळी ते घरी करता येते आणि एकदा हात बसला की या कामाचा छंदच लागतो.

कातडे कोणते घ्यावे

बाजारात कातडे मुख्यतः दोन प्रकारचे मिळते. एक क्रोमच्या क्षारांनी कमावलेले आणि दुसरे बाभळीची साल, हिरडा यांसारख्या वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले. पर्सा व बुटांचे वरचे भाग बहुधा क्रोम कातड्याचे असतात. ते मऊ असते, पण दिलेला आकार धरत नाही. म्यानासाठी दुसऱ्या प्रकारचेच कातडे घ्यावे. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल याच प्रकारच्या कातड्याची असते. त्यामुळे चप्पल करणाऱ्या कारागिराकडे म्यानापुरता तुकडा सहज मिळू शकतो. म्हशीच्या पाठीकडील, तीन ते साडेतीन मिलिमीटर जाडीचा तुकडा मागावा. पोटाकडील कातडे सैल असते व ताणले जाते. ते स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

ओळखण्याची एक सोपी खूण आहे. चार-दोन गंजके खिळे लिंबाच्या रसात दोन दिवस ठेवावेत आणि त्या पाण्याचा एक थेंब कातड्याच्या कोपऱ्यावर टाकावा. साल-हिरड्याचे कातडे तेथे काळेनिळे पडते. क्रोमचे तसे पडत नाही. हिरडा आणि लोखंड यांच्यापासून पूर्वी शाई करीत, त्यातलाच हा प्रकार.

आकार व कापणी

कातड्यावर थेट आखू नये. आधी जाड पुठ्ठ्याचा फर्मा करावा. सिकेटर मिटवून पुठ्ठ्यावर ठेवावे आणि दोन्ही बाजूंना दीड सेंटिमीटर जागा सोडून रेघ मारावी. हा झाला मागचा तुकडा. त्याला वर पट्ट्याच्या घरासाठी बारा-पंधरा सेंटिमीटरची शेपटी ठेवावी. पुढचा तुकडा हत्याराच्या जाडीइतका अधिक रुंद घ्यावा, कारण त्याला फुगवटा द्यायचा असतो. मुठीचा निम्मा भाग बाहेर राहील इतकीच खोली ठेवावी. टोकाला करंगळी जाईल एवढे तोंड उघडे सोडावे, म्हणजे माती व पाणी आत साचत नाही. कापण्यासाठी रापी उत्तम, पण धारदार चाकूनेही काम भागते.

पट्ट्याचे घर मुख्य शिवणीच्या आधी शिवून घ्यावे. प्रस्तुत लेखकाने पहिल्या वेळी हे उलट केले आणि अरुंद म्यानात सुई फिरवता न आल्याने सारी शिवण उसवावी लागली.

मधली पट्टी

सिकेटरचे म्यान दोन तुकड्यांचे चालते. कलमाच्या न मिटणाऱ्या चाकूचे किंवा सरळ कोयत्याचे म्यान मात्र तसे करू नये. पाते आत-बाहेर होताना धार प्रत्येक वेळी शिवणीच्या दोऱ्यावर घासते. दोरा एक दिवस तुटतो, म्यान कडेने उघडते आणि धार कमरेशी उघडी पडते. बाहेरून हे दिसत नाही, कारण दोरा आतून कापला जात असतो. बाजारात मिळणाऱ्या हलक्या म्यानांतही हाच दोष आढळतो.

यावर उपाय सोपा आहे. धारेच्या बाजूला दोन्ही तुकड्यांच्या मध्ये त्याच कातड्याची एक सेंटिमीटर रुंद पट्टी घालावी आणि शिवण तिच्यातूनच न्यावी. मग धार पट्टीच्या कडेवर टेकते व दोऱ्यापर्यंत पोचत नाही. पट्टीची जाडी पात्याच्या पाठीइतकी असावी. पाठ जाड असेल तर दोन पदर घ्यावेत. तोंडाशी पट्टी किंचित रुंद ठेवल्यास पाते घालताना चुकून धार शिवणीत शिरत नाही.

जोडायच्या बाजू कानशीने खरवडून चर्मकार वापरतात ते रबर सोल्युशन लावावे व तुकडे चिकटवावेत. कडेपासून पाच मिलिमीटर आत रेघ मारावी. तिच्यावर जुन्या काट्याच्या चमच्याने समान अंतराच्या खुणा करून आरीने छिद्रे पाडावीत. आरी सरळ उभी धरावी, नाहीतर मागच्या बाजूची ओळ वाकडी येते. शिवणीच्या चार ते पाच पट लांबीचा जाड नायलॉनचा दोरा मधमाशीच्या मेणावर ओढून त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई ओवावी. प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया समोरासमोरून काढाव्यात. अशा शिवणीत एका बाजूचा टाका तुटला तरी दुसरा दोरा धरून ठेवतो. शेवटी दोन-तीन टाके मागे फिरून दोरा कापावा.

आकार देणे व निगा

तयार म्यान कोमट पाण्यात दोन मिनिटे बुडवावे. हत्यार प्लॅस्टिकच्या दोन पदरांत गुंडाळून आत घालावे आणि अंगठ्याने व चमच्याच्या दांड्याने कातडे दाबून आकार उठवावा. काही तासांनी हत्यार काढून म्यान सावलीत वाळवावे. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवल्यास ओले कातडे आखडते व कडक होते. वाळल्यावर एक भाग मेण व दोन भाग एरंडेल एकत्र वितळवून पातळ हात द्यावा. तेल जास्त झाल्यास म्यान लुळे पडते.

म्यान हे कामाच्या वेळेपुरतेच आहे, हे ध्यानात ठेवावे. कातड्यातील आम्लता व दमट हवा यांमुळे पाते रात्रभर आत राहिल्यास गंजते. पावसाळ्यात तर हे हटकून होते. संध्याकाळी पाते पुसून, तेलाचा हात देऊन वेगळे ठेवावे. म्यानावर बुरशी दिसल्यास कोरड्या फडक्याने पुसून ते हवेशीर जागी टांगावे.

डाळिंब बागायतदारांनी आणखी एक काळजी घ्यावी. तेल्या हा जिवाणूजन्य रोग छाटणीच्या हत्यारांमधूनही पसरतो, म्हणून झाडागणिक सिकेटर निर्जंतुक करण्याची शिफारस आहे. रोगट फांदी कापलेले सिकेटर तसेच म्यानात घातले, तर आतले कातडे दूषित होते आणि पुढे स्वच्छ केलेले पातेही तेथे पुन्हा दूषित होऊ शकते. चामडे उकळता येत नाही व सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवल्यास खराब होते. म्हणून तेल्याग्रस्त बागेत चामडी म्यान वापरूच नये. तेथे कमरेला पीव्हीसी पाइपचा तुकडा बांधावा. तो द्रावणाने रोज धुता येतो.