मोटारीची जोड

गेल्या माघात बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात एका वृद्ध स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला. निरोप मोठा चमत्कारिक होता. ‘‘मास्तर, येताना पेटी आणू नका, कान तेवढे घेऊन या.’’

वाड्याच्या पडवीत १९५१ सालची एम. जी. टी. डी. उभी होती. दोन माणसांची, उघड्या टपाची ही इंग्रजी शर्यती थाटाची मोटार. १९५० ते १९५३ या काळात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून अशा सुमारे तीस हजार गाड्या बाहेर पडल्या. यशवंतराव होळकर महाराजांच्या ड्यूसेनबर्गविषयी इंदुरातल्या जुन्या घरांत अजून बोलले जाते. तिच्यापुढे ही म्हणजे किरकोळ चीज! पण महाराजांच्या गाड्यांना मिस्त्री असत, हिला मालकच मिस्त्री लागतो.

काका ऐंशीच्या घरातले. हिची सारी दुरुस्ती आजवर त्यांनी स्वतःच केली. पत्र्याखालचा सांगाडा अ‍ॅश लाकडाचा. तो कुजला तेव्हा सागाचे तुकडे बेतून बसवले. इंजिनाचे बोल्ट तर फारच फसवे. डोके व्हिटवर्थ मापाचे, आटे मात्र मेट्रिक. मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना विकत घेतला, त्या यंत्रांचा हा वारसा. बाजारचा बोल्ट दोन आटे गोडीने जातो आणि मग अडतो. तिथे जोर केला की आटे गेलेच. म्हणून काकांनी जुना बोल्ट कधी फेकला नाही.

‘‘हात अजून चालतात,’’ ते म्हणाले, ‘‘पण कान गेले. मुलगा म्हणतो, आता विकून टाका.’’

अडचण कार्बोरेटरांची होती. हिला एस. यू. जातीचे दोन कार्बोरेटर. हवेची ओढ वाढली की आतला दट्ट्या वर उचलतो, त्याला जडलेली निमुळती सुई त्याबरोबर वर येते आणि पेट्रोलला वाट मोकळी होते. आरंभी या दट्ट्याच्या जागी चक्क कातड्याचा भाता होता. शोध लावणारे स्किनर हे जोड्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातले! पेटी वाजवणाऱ्याला हे ऐकून आपलेपणा वाटला तर नवल नाही.

दोघांनी हवा सारखी ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन थरथरते आणि चढावर दम टाकते. काकांनी दोहोंना जोडणारी दांडी सैल केली आणि रबरी नळीचे एक टोक माझ्या कानाशी दिले. दुसरे टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी. पण आसपासच्या यंत्रमागांच्या खडखडाटात काही समजेना. दुपारी वीज गेली, माग थांबले, तेव्हा भेद कळला. पहिल्याचा फूत्कार भरदार, दुसऱ्याचा बारीक. मी बोटाने खूण करी, काका स्क्रू पाव आटा फिरवीत. असे करता करता दोन्ही आवाज एक झाले.

मग मिश्रणाची परीक्षा. दट्ट्या नखभर उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, पडू लागला तर कमी, क्षणभर चढून पूर्ववत झाला तर बेताचे.

माझे वडील दरबारी गवई. तानपुरे जुळवायला तिथे माणसे होती, तरी जवारीचा धागा ते स्वतःच सरकवीत. ज्याला गायचे आहे त्यानेच जुळवावे, हा त्यांचा दंडक. मी उद्या इंदुरास परतणार, मग या गाडीचे कोणी ऐकायचे?

काकांचा नातू दारात उभा होता. मी दांडीजवळचा स्क्रू मुद्दाम थोडा बिघडवला आणि नळी त्याच्या हाती दिली. तीनदा चुकला. चौथ्यांदा म्हणाला, ‘‘आजोबा, मागचा कमी ओढतोय.’’ आजोबांना ऐकू गेले नाही. पोराने मागच्या कार्बोरेटरकडे बोट दाखवले, आणि म्हाताऱ्याने स्क्रू फिरवला.

विक्रीचे काय ठरले ते मी विचारले नाही. निघताना एवढे पाहिले की, ती नळी पोराने पुसून पान्यांच्या पेटीत जपून ठेवली.