नाणे उडवत चालणारा प्रकाश

पैठण गेटपाशी एक माणूस उभा आहे. छापा पडला तर गुलमंडीकडे एक पाऊल, काटा पडला तर क्रांती चौकाकडे. शंभर पावलांनंतर तो कुठे असेल? बहुधा पैठण गेटच्या आसपासच, दहाएक पावलांच्या आत-बाहेर. कार्ल पिअर्सनने १९०५ साली या भटकंतीला ‘रँडम वॉक’ म्हटले.

आता माणसाऐवजी प्रकाश चालवू. त्याचे नाणे म्हणजे ध्रुवीकरण, कंपनाची दिशा उभी की आडवी. स्फटिकाच्या पातळ चकतीतून पाठवले की दोहोंचे मिश्रण होते, ही नाणेफेक. जर्मनीत एर्लांगेनला श्रायबर, सिल्बरहॉर्न आणि सहकाऱ्यांनी २०१० साली एका दिशेचा प्रकाश लांब काचतंतूतून आणि दुसऱ्या दिशेचा आखूड तंतूतून सोडला. म्हणजे पाऊल डावे-उजवे नव्हे, लवकर-उशिरा पडते. मग पुन्हा तोच फेरा. तेव्हा ५ पावले झाली, पुढच्या वर्षी २८.

माणूस एकच वाट धरतो. प्रकाशलहर दोन्ही धरते, आणि वाटा पुन्हा भेटल्या की पाणचक्कीच्या हौदातल्या लाटांप्रमाणे कुठे उचलली जाते, कुठे मिटते. मधल्या बहुतेक मिटतात. शंभर पावलांनंतर हा वाटसरू सापडण्याची शक्यता दोन्ही बाजूंना सत्तराव्या पावलाजवळ सर्वाधिक. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या, २०२३ साली मंजूर झालेल्या लायगो-इंडिया प्रकल्पाच्या मुळाशीही प्रकाश दुभागून पुन्हा भेटवण्याचीच युक्ती आहे. तिथे प्रत्येक बाहू ४ किलोमीटरचा.

पुढचा प्रयोग मला अधिक भावतो. २०११ साली त्याच मंडळींनी लहरीचा ठेका मुद्दाम बिघडवला. बिघाड प्रत्येक फेरीला बदलत राहिला, तेव्हा प्रकाश पैठण गेटच्या माणसासारखा चालू लागला. बिघाड त्या त्या जागी कायम ठेवला, तेव्हा तो सुरुवातीच्या जागेभोवतीच अडकला. वाट कोणी अडवली नव्हती. पुढे जाणाऱ्या लहरीच एकमेकींना मिटवत होत्या.

इथे एक कबुली. मी बी.ए. झालेला कवी. ‘प्रकाश एकाच वेळी दोन ठिकाणी असतो’ असे सांगून मुशायऱ्यात वाहवा मिळवली आहे. पण एका वाटसरूची ही चाल साध्या लेझरनेही दाखवता येते. ते लाटांचेच गणित. खरी गोम दोन प्रकाशकण एकत्र सोडल्यावर कळते. ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०१० साली चिपवरच्या शेजारी-शेजारी २१ वाटांत असे जोडकण सोडले. कोण कुठे पोचला यातले नाते साध्या लाटांच्या हिशेबात बसेना. त्या शेरात तेव्हा जोडकण नव्हते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)