वेढ्याचें चित्र कसें पाहावें?

दुरून डोंगर साजरे, ही म्हण आपल्या घरांतील लहान मुलांसही ठाऊक असते. संस्कृत सुभाषितकारानें तर दूरच्या डोंगरांच्या पंक्तीस युद्धाची वार्ताही नेऊन बसविली आहे. प्रदेशाची शोभा आणि युद्ध हीं एकाच चित्रांत आलीं म्हणजे पाहणारा कसा भुलतो, याचा उत्तम मासला म्हणून टर्नर या विख्यात इंग्रज चित्रकाराच्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्याच्या चित्राकडे आम्ही बोट दाखवूं.

लंडनच्या टेट संग्रहांतील हें जलरंगी चित्र सुमारें १८०० सालचें आहे. ४ मे १७९९ रोजीं इंग्रज फौजेनें कावेरी ओलांडून किल्ला घेतला व टिपू सुलतान लढतां लढतां पडला. टर्नर तेव्हां चोवीस वर्षांचा होता. हिंदुस्थान त्यानें जन्मांत पाहिला नाहीं. निसर्गाची भव्यता व भय एकत्र दाखविण्याची त्या काळच्या यूरोपीय चित्रकारांस मोठी हौस. त्यामुळें दृश्याच्या विस्तारापुढें माणसें इवलीशीं होतात, आणि मरण हा देखाव्याचाच एक भाग बनतो.

अशा वेळीं चित्रकार कोणत्या बाजूस उभा आहे, हें आधीं विचारावें. येथें तो वेढा घालणारांच्या बाजूस आहे.

आम्हां वऱ्हाडकरांस दुसरी बाजू समजणें कठीण नाहीं. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस दिसणाऱ्या सातपुड्याच्याच पूर्वेकडील रांगेंत गाविलगड आहे. श्रीरंगपट्टणास हजर असलेल्या आर्थर वेलस्लीनें २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अडगांवची लढाई जिंकून या गडाकडे मोर्चा वळविला. स्टीव्हन्सनच्या फौजेनें अवघड डोंगरांतून वाट काढीत तोफा उत्तरेच्या बाजूस ओढून नेल्या. १५ डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेणीसिंग मारला गेला, आणि दोनच दिवसांनीं नागपूरकर भोंसल्यांस देवगांवचा तह करावा लागला. वऱ्हाड त्यांच्या हातून गेलें.

हा प्रसंग दूरच्या टेकडीवरून रंगविला असता, तर तोही रम्यच दिसला असता. पण त्या धुराखालीं आपल्याच मुलखाचें भवितव्य ठरत होतें.

म्हणून चित्राच्या रंगांचें कौतुक मोकळ्या मनानें करावें. त्यांत कांहींच कमीपणा नाहीं. मात्र मुलांस तें दाखवितांना, तोफा कोणीं ओढल्या व तटाच्या आंत कोण होतें, हे दोन प्रश्न अवश्य विचारावे.