बाहुलीला पाय फुटतात तेव्हा

आल्फचे पाय कधी नीट पाहिलेत? नाही ना? मग तुम्ही एकटे नाही! मेलमॅक नावाच्या ग्रहावरून टॅनर कुटुंबाच्या गॅरेजवर येऊन आदळलेला, घरातल्या मांजराकडे भुकेल्या नजरेने बघणारा हा तपकिरी केसाळ पाहुणा १९८६ ते १९९० अशी चार वर्षं अमेरिकेत एनबीसी चॅनलवर दिसत होता. दिसत होता म्हणजे बहुतेक वेळा कमरेपासून वर. सोफ्यामागे, ओट्याच्या आडून, टेबलापलीकडे. कारण खाली पॉल फ्युस्को नावाचा माणूस हात वर करून बसलेला असायचा.

हे सगळं जमवायला अख्खा सेट जमिनीपासून चारेक फूट उंच बांधला होता आणि त्यात जागोजागी झडपा होत्या. कलाकारांनी डायलॉग म्हणायचे, हसायचे, रागवायचे आणि हे करताना झडपेत पाय जाणार नाही हेही बघायचं. अर्ध्या तासाच्या एका एपिसोडचं शूटिंग कधीकधी वीस-वीस तासांवर जायचं. (रिलीजच्या आदल्या रात्री ऑफिसात बसलेल्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको.) आल्फ पूर्ण उभा किंवा चालताना दाखवायचा असला, की मिहाली मेझारोश हा अगदी बुटका कलाकार केसाळ पोशाखात शिरायचा.

आणि मग १९८७मध्ये आल्फचं कार्टून आलं. एकदम सगळं सोपं! सेट नको, झडपा नकोत. गोष्टही मागे नेली, मेलमॅक ग्रहाचा स्फोट होण्याआधीच्या काळात. तिथे आल्फ, म्हणजे मूळचा गॉर्डन शमवे, चालतोय, पळतोय, मित्रांबरोबर मॅच खेळतोय. आवाज तोच, पॉल फ्युस्कोचा. पाय मात्र नवे. आणि गंमत बघा, पाय मिळाले आणि तो जरा सपाट झाला. सोफ्यामागून डोकावणारा, 'हा आता काय करणार' अशी धाकधूक लावणारा तो आगाऊ पाहुणा कार्टूनमध्ये चार केसाळ प्राण्यांमधला एक होऊन गेला. निदान माझ्यासाठी तरी.

आता हे पुराण मी सूसमध्ये बसून का लावलंय? तर माझी सहा वर्षांची भाची दर शनिवार-रविवारी आमच्याकडे असते. सूस २०२१मध्ये पुणे महापालिकेत आलं, तरी पत्ता सांगताना माझ्या तोंडून अजून 'तालुका मुळशी' जातंच. आठवडाभर हिंजवडी करून आलेल्या माणसाला शनिवारी पुन्हा बायपासवर गाडी घालायची इच्छा नसते. मग आम्ही दोघं सोफ्यावर आणि समोर टीव्ही. अशाच एका दुपारी मी तिला आधी कापडी मपेट्स दाखवले आणि लगेच पाठोपाठ 'मपेट बेबीज'. कापडी बेडकाकडे बघून ती म्हणाली, "मामा, याच्या आत कुणाचा हात आहे?" कार्टूनमधला बेडूक आल्यावर तिने काहीच विचारलं नाही. मन लावून बघत बसली. तिचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून काही जाईना.

'मपेट बेबीज' हे या सगळ्या प्रकरणातलं सुपरहिट उदाहरण. १९८४च्या जुलैमध्ये 'द मपेट्स टेक मॅनहॅटन' हा सिनेमा आला. त्यात मिस पिगी दिवास्वप्न बघते, की आपण सगळे लहानपणी एकाच पाळणाघरात असतो तर? त्या सीनपुरत्या तान्ह्या मपेट्सच्या खऱ्याखुऱ्या बाहुल्या बनवल्या होत्या. त्या दिसायला इतक्या गोड निघाल्या, की त्याच सप्टेंबरमध्ये सीबीएसवर त्यांची कार्टून मालिका सुरूही झाली. ती १९९१पर्यंत चालली आणि तिला ओळीने चार वर्षं एमी मिळालं. मग काय, सगळ्यांनाच हा फंडा सापडला. फ्लिन्टस्टोन्स लहान झाले, स्कूबी-डू पिल्लू झाला, टॉम आणि जेरीसुद्धा बाळं झाले!

यात धंदा होताच. गोड तोंडाची बाळं खेळण्यांच्या दुकानात पटापट खपतात. पण या मालिकेत डोकंही होतं. मपेट्सच्या मुख्य टोळीत मुलगी म्हणजे एकटी पिगी, म्हणून स्कूटरला स्कीटर नावाची जुळी बहीण दिली. खास कार्टूनसाठी जन्मलेली. मुलांना सांभाळणाऱ्या नॅनीचा चेहरा कधीच दाखवला नाही, फक्त तिचे हिरवे-पांढरे पट्ट्यापट्ट्यांचे मोजे दिसायचे. मुलांना मोठी माणसं गुडघ्यापर्यंतच दिसतात, हे कुणाला तरी बरोबर आठवलं होतं. आणि ही बाळं कल्पनेत रमली की मध्येच जुन्या सिनेमांचे खरे तुकडे यायचे. 'स्टार वॉर्स'सुद्धा! पुढे याच तुकड्यांच्या हक्कांमुळे जुनी मालिका डीव्हीडीवर आणणं अवघड होऊन बसलं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. मपेट्सचे आवाज म्हणजे त्यांच्या आतले हातवाले. कर्मिट बेडूक म्हणजे जिम हेन्सन. हात त्याचा, आवाज त्याचा, मान तिरकी करून बघण्याची ती लकबही त्याचीच. कार्टूनमध्ये कर्मिटचा आवाज फ्रँक वेल्करने दिला, पिगीचा लॉरी ओब्रायनने, गॉन्झोचा रुसी टेलरने. सगळे कसलेले कलाकार, वाद नाही. पण बाहुलीवाले या घरातून बाहेरच राहिले. म्हणजे १९९०मध्ये हेन्सन गेला त्याच्या सहा वर्षं आधीपासून, हेन्सन नसलेला एक कर्मिट दर शनिवारी सकाळी घरोघर दिसत होता. पात्र माणसापासून सुटं करता येतं, हे तिथेच सिद्ध झालं होतं. कंपनीच्या दृष्टीने ही भारीच सोय. बाहुलीवाल्याच्या दृष्टीने?

सगळ्यांना हे जमलं असंही नाही. 'फ्रॅगल रॉक' ही हेन्सनचीच १९८३ची मालिका. तिची खरी जादू मापात होती. फ्रॅगल म्हणजे हातातली बाहुली. डूझर इतके चिमुकले, की ते रिमोटवर चालायचे. आणि गॉर्ग म्हणजे अख्खा माणूस आत शिरेल असा अवाढव्य पोशाख, त्याच्या चेहऱ्याचे हावभाव दुसराच कुणी लांबून रिमोटने करणार. तिघं एकाच जगात राहतात यावर आपला विश्वास बसायचा, यातच टाळ्या होत्या. १९८७मध्ये त्याचं कार्टून निघालं. कागदावर मोठा आणि छोटा काढायला काय लागतं? पेन्सिल! कष्ट गेले, तशी 'हे कसं केलं असेल' ही मजाही गेली. तेरा एपिसोडमध्ये गाशा गुंडाळला. २०२२मध्ये फ्रॅगल परत आले ते कापडाचेच.

ब्रिटनच्या 'थंडरबर्ड्स'ची कथा उलटी आहे. १९६५-६६च्या या मालिकेतल्या बाहुल्या तारांवरच्या. ओठ हलवणारं विजेवरचं यंत्र डोक्यात बसवलेलं, म्हणून डोकी मोठी. आणि चालायला लागल्या की सगळा भांडाफोड! त्यावर गेरी अँडरसनच्या टीमने तोडगा काढला, की त्यांना चालवायचंच नाही. विमानात बसवा, पाणबुडीत बसवा, सरकत्या खुर्चीवरून थेट कॉकपिटमध्ये सोडा. आपण ज्या यानांवर फिदा झालो, त्यांच्यामागे बाहुल्यांची ही अडचणही होती. २०१५मध्ये 'थंडरबर्ड्स आर गो' आलं, तेव्हा माणसं कॉम्प्युटरवर केली, ती धावायलाही लागली. पण बेटं, इमारती, हँगर हे सगळं न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपने खरोखरचं मिनिएचर बांधलं. पार्करला आवाज द्यायला जुने डेव्हिड ग्रॅहमच आले. रीमेक करावा तर असा, बॉस!

आणि आपल्याकडे? बाहुली म्हटलं की आपल्या पिढीला आधी तात्या विंचू आठवतो, १९९३च्या 'झपाटलेला'मधला. लहानपणी त्याच्यामुळे पलंगाखाली वाकून बघितलं नाही असा मराठी माणूस दाखवा! ती बाहुली रामदास पाध्ये यांची. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला तो ससाही त्यांचाच. त्यांच्या घरातला अर्धवटराव तर वडिलांनी, य. के. पाध्ये यांनी घडवलेला. वडिलांकडून तो रामदासांकडे आला आणि पुढच्या पिढीत सत्यजित पाध्येही बोलक्या बाहुल्या घेऊन स्टेजवर उभे राहिले. वडील मेकॅनिकल इंजिनीअर, मुलगा सीए. आमच्या सोसायटीतल्या कुठल्याही मजल्यावर शोभतील अशा डिग्र्या! इथेही पात्र माणसापासून सुटं झालंच की. पण हातातून हातात गेलं. पहिल्या रांगेतला एखादा टकलू काका मध्येच बोलला, तर अर्धवटराव त्याची तिथल्या तिथे फिरकी घेणार. उद्या कुणी त्याचं कार्टून काढलंच, तर ते हसवेलही, पण काकांना उत्तर देणार नाही.

पण म्हणून चित्र वाईट, बाहुली चांगली, असं सरसकट म्हणायला मी तयार नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथले ठाकर समाजाचे कलावंत दोऱ्यांवरच्या कळसूत्री बाहुल्या नाचवतात, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ करतात आणि चित्रकथीही सांगतात. चित्रकथी म्हणजे रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं. एकामागून एक समोर धरायची आणि गाऊन गोष्ट पुढे न्यायची. म्हणजे बाहुली आणि चित्र, दोन्ही एकाच घरात! बाहुलीचं चित्र झालं म्हणून सांगणारा घराबाहेर गेला नाही. चित्र उलटणारा हातही त्याचाच, आवाजही त्याचाच. तिथल्या परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. गावातलं 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे त्यांचं म्युझियम.

भाचीला हे सांगितलं, तर तिचा पुढचा प्रश्न तयार होता, "तिथे हात बघू देतात का?" दिवाळीच्या सुट्टीत कोकण रेल्वेने कुडाळ गाठायचा बेत आहे. तिकिटं काढायचं काम अर्थातच मामाकडे.